विहीणबाईंना एक फसलेला धडा हवा होता

मी आणि आमच्या विहीणबाईंनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे मेथी निवडणं. जानेवारीतला गुरुवार, दुपारचे दोन. बाहेर गुडघाभर बर्फ. ॲन आर्बरच्या घरात आम्ही दोघंच. मी मुलाचा बाप, त्या सुनेची आई. पोरं कामाला गेलेली, नात शाळेत. अर्धी जुडी झाली आणि बाईंचा फोन टुणकन वाजला. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, पुसला, परत वाचलं. विज्ञान शिक्षकांच्या ट्रेनिंगला त्यांनी अर्ज केला होता, त्याच्या मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. अकरा दिवसांनी. त्यानंतर या घरात साधं असं काही राहिलं नाही.

तशी ती मेथीपण साधी नव्हतीच. बाई निवडताना तीन ढीग करतात. पानं, देठ आणि 'इतर'. इतरमध्ये माती, गवत आणि एकदा माझ्या चष्म्याचा स्क्रू. मग मला विचारतात, "व्याहीबुवा, निरीक्षण काय?" मी म्हणतो, मेथी आहे. "आणि अनुमान?" मी म्हणतो, संध्याकाळी भाजी आहे. त्यावर बाई अशा बघतात, की मी परत सातवीत जाऊन बसतो. सातवीत मी दोनदा बसलोय, त्यामुळं वाट माहितीची आहे.

मंगलाबाई म्हणजे हिंगणघाटकडच्या. तिकडं एका मराठी शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. प्रयोगवहीत उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असं लिहायचं असतं म्हणे. बाईंनी ते जन्माला लावून घेतलं. मी नवा आलो तेव्हा कपडे धुवायचं मशीन माझ्याच्यानं चालू होईना. तासभर झटलो, पण कुणाला विचारलं नाही. विचारायची मला सवय नाही. बाई खाली आल्या, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "साहित्य तर सारं बरोबर आहे. कृती चुकून राहिली." मी दारच लावलं नव्हतं.

माझं काय सांगायचं. सांगलीकडं विहिरीवरच्या मोटरी भरायचं, म्हणजे जळालेली तार काढून नवी गुंडाळायचं काम चाळीस वर्षं केलं. बायको, शांता, गेली त्याला चौदा महिने झाले. मग पोरानं, राजूनं, उचलून इथं आणलं, घर बदलताना फ्रीज हलवतात तसं. आणलं, भिंतीला लावलं, आणि तो ऑफिसला गेला.

तर मुलाखत. तिकडची एकतीस वर्षं इकडं धरत नाहीत. इथल्या शाळेत शिकवायचं तर आधी इथलं ट्रेनिंग, आणि त्यात घेतील का नाही ते मुलाखतीवर. वय एकोणसाठ. सून श्वेता म्हणाली, मम्मी, टेन्शन नको घेऊ, नाही झालं तर नाही झालं. बाई म्हणाल्या, नाही झालं तर मी हिंगणघाटला परत जाते, तुझ्या बेसमेंटात बसून लोणची घालायला मी नाही आले. बोलणं हसत झालं, पण मी बघितलं, बाईंनी बॅग कपाटावरून खाली काढून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी फ्रीजवर वेळापत्रक लागलं. साडेनऊला प्रार्थना, मग तास, मग मधली सुट्टी. शाळेला शिपाई पाहिजे म्हणून तो मी. ताट आणि लाटणं घेऊन घंटा द्यायची. शाळेला विद्यार्थी पाहिजे म्हणून तोही मी. एकदा घंटा द्यायला दोन मिनिटं उशीर झाला, तर शिपायाला बोलून झाल्यावर विद्यार्थ्यालापण बोलल्या.

मुलाखतीत दहा मिनिटांचा धडा घेऊन दाखवायचा होता. पहिल्यांदा हवेचा दाब ठरला. बाटलीत पेटता कागद टाकायचा, तोंडावर सोललेलं उकडलेलं अंडं ठेवायचं, की ते आपोआप आत ओढलं जातं. बाई अंडं खात नाहीत. चिमट्यानं, तोंड फिरवून, साप धरावा तसं त्यांनी ते बाटलीवर ठेवलं. अंडं 'फट्' करून आत गेलं आणि त्याच टायमाला छतावरचा धुराचा अलार्म बोंबलायला लागला. मी टॉवेल फिरवतोय, बाई खिडक्या उघडतायत, आत उणे पंधराची हवा. त्या गोंधळात बाईंनी वहीत काय लिहिलं असेल? 'अनुमान : अमेरिकेत छताला नाक असते.' अंडं अजून बाटलीतच आहे. ते काढायचा प्रयोग पाठ्यपुस्तकात नाही म्हणाल्या.

मग विजेचा धडा ठरला. एक सेल, एक बारका दिवा, वायरचा तुकडा. इथली पद्धत अशी, की मास्तरनं उत्तर सांगायचं नाही. पोरांनी आपलं आपण शोधायचं. श्वेतानं आईला हे तीनदा समजावलं. बाई म्हणाल्या, "शोधायला काय हरवलं आहे? मला माहीत आहे ना उत्तर. सांगते आणि मोकळी होते."

पहिल्या तासाला त्यांनी सामान माझ्यापुढं ठेवलं. मी दिवा लावून दाखवला. चाळीस वर्षं तेच केलंय, डोळे झाकून लावीन. बाई चिडल्या. "तुम्हाला येऊन कसं चालेल? अडा ना थोडे."

मग मी अडलो. ढ व्हायला मला काही कष्ट पडत नाहीत. वायर सेलच्या एकाच टोकाला लावली, दिवा उलटा धरला, एकदा तर वायर कानाला लावून ऐकली. बाईंचे ओठ थरथरायला लागले. बरोबर अठ्ठावीस सेकंदांनी त्या फुटल्या आणि व्याख्येसकट सगळं सांगून टाकलं. मला 'लिहून घ्या' म्हणाल्या. श्वेता कपाळाला हात लावून म्हणाली, मम्मी यार, असं नाही करायचं, दे विल रिजेक्ट यू.

त्यावर औषध बाईंनीच काढलं. सुपारीचं खांड दाढेखाली धरायचं आणि विद्यार्थी काय करतोय ते बघत राहायचं. पहिल्या दिवशी दीड मिनिट टिकल्या. चौथ्या दिवशी साडेतीन. मी मुद्दाम दिवा दातात धरला, तरी बोलल्या नाहीत. डोळ्यांतनं पाणी आलं बिचारीच्या.

अपेक्षित प्रश्नांची वही वेगळी. साठ प्रश्न, साठ उत्तरं, तपकिरी कव्हर. बेसमेंटात येरझाऱ्या घालत त्या मोठ्यानं पाठ करायच्या. मला इंग्रजी येत नाही, पण अकरा दिवसांत 'आय स्ट्राँगली बिलीव्ह' एवढं यायला लागलं. वाणसामानाच्या दुकानात भोपळा बघून तोंडातनं निघून गेलं.

सगळं जमत होतं. एक प्रश्न सोडून. श्वेतानं कुठून तरी आणला होता, हा नक्की विचारतात म्हणून. एखादा धडा फसला, ती वेळ सांगा.

बाई म्हणाल्या, "माझा धडा फसत नाही."

"मम्मी, एकतीस वर्षांत एक तर असेल."

"विद्यार्थी फसतो. धडा फसत नाही. माझा निकाल शंभर टक्के आहे."

श्वेता म्हणाली, असं तिथं बोललीस तर तिथंच संपलं. त्यांना ऑनेस्ट उत्तर पाहिजे असतं. बाई म्हणाल्या, मुलाखतीला जाऊन कोणी आपलं वाईट सांगतं का, आमच्याकडे अशी रीत नाही. दोघी दोन दिवस तुटक बोलत होत्या.

शेवटी बाई माझ्याकडं आल्या. "व्याहीबुवा, तुमचं कधी काही फसलं आहे का?"

म्हणलं, कितीतरी. कुठलं पाहिजे? सरपंचाच्या मोटरीचं सांगितलं. घाईत वायरी उलट जोडल्या. नारळ फोडला, बटण दाबलं, मोटर उलटी फिरायला लागली. पाण्याचा थेंब नाही आणि सगळा गाव काठावर उभा. सरपंच मला 'शास्त्रज्ञ' म्हणायला लागला ते मरेपर्यंत.

बाईंनी सगळं टिपून घेतलं. म्हणाल्या, झकास आहे, मोटरच्या जागी धडा घालते. संध्याकाळी पाठ सुरू झाला. 'वन्स माय लेसन रोटेटेड इन द अपोझिट डायरेक्शन.' श्वेता ऐकून जिन्यात बसून राहिली. हसत होती का रडत होती, मला वरनं दिसलं नाही.

मुलाखत सोमवारी. रविवारी दुपारी पोरगा आणि सून सामान आणायला गेले होते. बाई गॅरेजच्या दाराशी उभ्या राहून उलट्या फिरणाऱ्या धड्याचं पाठांतर करत होत्या. नात ईरा, सहा वर्षांची, गॅरेजच्या काचेला नाक लावून उभी. काचेवर बर्फाची नक्षी उठली होती, नेच्याच्या पानासारखी. ती म्हणाली, "आजी, हाऊ डिड द लीव्ह्ज गेट हिअर?"

बाई म्हणाल्या, "गप्प बस. पाठ होऊ दे माझं."

पोरगी 'ओके' म्हणाली आणि आत जाऊन टीव्ही लावला.

बाईंनी पुढची ओळ म्हणली नाही. वही मिटली आणि तिथंच बुटांच्या बाकावर बसल्या. मला वाटलं चक्कर आली. पाणी आणलं. पाणी तसंच हातात धरून त्या म्हणाल्या, "श्वेता माझ्याच वर्गात होती. आठवी ब."

मी म्हणलं, बरं मग?

"वर्गात मला बाईच म्हणायची. आई नाही. सारखा हात वर. एक दिवस म्हणाली, बाई, आकाशात इतके सूर्य आहेत तर रात्र काळी काहून असते? मला नव्हतं येत उत्तर. पन्नास पोरं माझ्याकडे बघून राहिली. मी तिला वर्गाबाहेर उभं केलं. पूर्ण तास. माझीच पोरगी म्हणून जास्तच."

बाईंनी पाणी बाकावर ठेवलं.

"तिनं पुन्हा हात वर नाही केला. आजही मला काही विचारत नाही ती. सांगते. मम्मी, औषध घे. मम्मी, उशीर होईल. विचारत नाही."

मला शांता आठवली. उलटी गोष्ट होती आमची. ती रोज विचारायची, आज काय झालं, आणि मी म्हणायचो, काय नाही. पण मी तिला कधी विचारलं नाही, तुझं काय झालं. चव्वेचाळीस वर्षं. हे मी बाईंना बोललो नाही. मला जे येतं तेवढं बोललो.

"हेच सांगा की तिथं."

"उद्या तीच सोडायला येऊन राहिली मला. आणि इंग्रजीत कसं सांगू हे?"

"जमेल तसं सांगा. माझी मोटर मात्र मला परत द्या."

बाई हसल्या. मग उठून आत गेल्या, टीव्ही बंद केला आणि नातीला घेऊन काचेपाशी आल्या. "तुला काय वाटतं?" असं त्यांनी तिला विचारलं आणि सुपारी न घेता गप्प उभ्या राहिल्या. पोरगी पाऊण तास बोलत होती. त्यात एक परी होती, एक पाइप होता आणि आमच्या राजूचं नाक होतं.

सोमवारी दोघी गेल्या, दोघी आल्या. गाडीत काही बोलल्या नव्हत्या, ते तोंडावरनंच कळत होतं. जेवताना राजूनं विचारलं तेव्हा बाईंनी सांगितलं. तिघं जण होते. त्यातला एक विद्यार्थी झाला आणि चार मिनिटं त्याचा दिवा लागेना. बाईंनी सांगितलं नाही, पण दाढेखालच्या सुपारीचे दोन तुकडे झाले. शेवटी त्याचा दिवा त्याच्या हातानं लागला आणि तो भला मोठा माणूस टाळ्या पिटायला लागला.

"आणि तो फसलेल्या धड्याचा प्रश्न?" राजू म्हणाला.

बाई ताटाकडं बघत म्हणाल्या, "आठवी ब सांगितलं. इंग्रजी कमी पडलं तिथं हात वापरले."

श्वेताचा चमचा थांबला. म्हणाली, "मला वाटलं तुला आठवतपण नसेल."

ईरा भाताचा डोंगर करत होती. मग श्वेता म्हणाली, "मम्मी, भीती वाटली का गं तुला तिथं?"

प्रश्न संपायच्या आत उत्तर देणारी बाई. तिनं आधी हातातला घास परत ताटात ठेवला.

"वाटली," म्हणाल्या. "अजून वाटून राहिली."

मी वरण संपवलं आणि ताट उचलून उठलो. तिथं माझं काही काम नव्हतं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. घेतलं बाईंना. आता आठवड्यातनं चार दिवस बसनं कॉलेजला जातात, आणि बॅग परत कपाटावर गेली. पण मला सांगायचंय ते त्या मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं.

आमच्या समोर एक गोरा म्हातारा एकटा राहतो. वर्षभर तो मला हात करायचा, मी त्याला हात करायचो, एवढंच. त्या सकाळी तो पायरीवरचा बर्फ काढत होता, आणि काढून झाल्यावर बादलीतनं मीठ टाकत होता. पोतंभर मीठ, पायरीवर. हे मी दोन हिवाळे बघत होतो आणि मला काही केल्या कळत नव्हतं. मी बूट घातले, कानटोपी घातली, रस्ता ओलांडून त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि बोट दाखवून म्हणलं, "व्हाय सॉल्ट?"

म्हातारा माझ्याकडं बघत राहिला. मग फावडं माझ्या हातात दिलं, हातमोजे काढले आणि सांगायला लागला. पाण्याचं सांगितलं, मिठाचं सांगितलं, मधेच त्याच्या बायकोचं काहीतरी आलं, मग एक कुत्रा आला. मला सगळ्यात मिळून चार शब्द कळले. थंडीनं पाय दगड झाले होते. तो बोलत राहिला आणि मी फावडं धरून उभा राहिलो.