वीस हात पाणी

प्रेमलताच्या तेरवीला कळलं, की तिचा गुंड घरात नाही. लग्नात आंदण आलेला, नाव कोरलेला, पाणी भरायचा पितळी गुंड. शेजारची पुष्पा म्हणाली, "काकूच्या हातून मागच्या साली विहिरीत पडला. म्हणे, तुह्या काकाले सांगजो नको, बोंबलतीन."

वर्षभर बायको स्टीलच्या घागरीनं पाणी भरत होती, ते केशवरावांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

मुलगी पल्लवी विशाखापट्टणमला. समुद्रात सोडलेला आवाज कुठवर जाईल, कशावर आपटून परत येईल, याचं गणित ती कम्प्युटरवर मांडते. म्हणाली, "बाबा, पाणबुडी सापडते, आईचा गुंड नाही सापडणार? आवाजावरून शोधणारं छोटं सोनार-यंत्र आणते. पाणी किती खोल?"

"वीस," केशवराव फोनवर म्हणाले. आपल्या सौंसरकडे विहीर हातानंच मोजतात, हे काय सांगायचं?

पल्लवीनं वीस मीटर धरून विहिरीचं गणित तिकडूनच मांडून आणलं.

दिवाळीत तिनं यंत्र पाण्यात सोडलं. लॅपटॉप पाहता पाहता तिचा चेहरा उतरला. "नऊ मीटरवर काहीतरी आडवं पडलं आहे. विहीरभर. त्याच्या खाली आवाजच जाऊन नाही राहिला."

विहिरीतली मोटार काढायला उतरणारा संदीप काठावरून मागं सरकला. "अजगर हाय का जी?"

"अजगर विहिरीएवढा रुंद असते का बावा?" पल्लवी म्हणाली.

"मंग तं मी उतरतच नाही."

पुष्पानं नारळ आणून फोडला. चौघांनी दोर धरला, तेव्हा कुठं संदीप उतरला. वर आला तो मूठभर गाळ घेऊन. "पल्लवीताई, हे तं विहिरीचं बूड हाय."

केशवराव तेरवीनंतर पहिल्यांदा हसले. ही गंमत प्रेमलताला सांगायला ते घराकडे वळलेसुद्धा. चार पावलांवर थांबले.

पल्लवीनं वीस हातांचे नऊ मीटर करून गणित पुन्हा मांडलं. त्यावरून संदीपनं दोन बादल्या आणि मोटारीचा एक पाइप काढला. गुंड गाळात रुतलेला असावा. तिथं या यंत्राचा आवाज शिरत नाही.

वायर गुंडाळता गुंडाळता पल्लवीनं विचारलं, "बाबा, आईनं तुम्हाला का नाही सांगितलं?"

"उन्हाळ्यात विहीर उपसू," केशवराव म्हणाले.

उन्हाळा येऊन गेला. पाणी संत्र्याच्या बागेला लागलं. विहीर उपसायची राहिली आहे, आणि पल्लवीला उत्तर द्यायचंही.