प्लॅस्टिकमधला ठराव

"नांदेडवाल्यांना आता मस्कतमध्ये पाय ठेवायला जागा मिळत नाही, जहांगीरभाई. लिहून घ्या!" श्रीपाद सरांनी फोनवर जाहीर करून टाकलं.

त्यांच्या लातूरच्या क्लासेस कंपनीची शाखा थेट मस्कतला निघणार होती. जहांगीरभाई त्यांचं ऑफिस सांभाळत. जहांगीरभाईंचा पुतण्या अमान मस्कतमध्ये क्लाससाठी एक हॉल हेरून बसला होता. पण त्याच हॉलवर नांदेडच्या एका क्लासवाल्यांचाही डोळा होता. मालकाचं म्हणणं, ज्याचे कागद आधी येतील त्याचा हॉल.

कागद म्हणजे 'अमानला सहीचा अधिकार दिला' असा कंपनीचा ठराव. पण लातूरचा ठराव मस्कतनं खरा का मानावा? म्हणून तो आधी नोटरीकडे गेला, मग व्यापाऱ्यांच्या चेंबरकडे, मग मुंबईला, आणि शेवटी पाठीवर परराष्ट्र खात्याचा अपोस्टिलचा, म्हणजे परदेशासाठी खरेपणाचा, स्टिकर मिरवत ट्रॅव्हल्सनं परत आला. नवरदेवाची वरातही इतक्या ठिकाणी थांबत नाही!

संध्याकाळी जहांगीरभाई तो न्यायला सरांच्या घरी आले. सरांनी मोठ्या ऐटीत ठराव पुढं केला. तो चकाकत होता.

जहांगीरभाईंनी त्यावर नख मारून पाहिलं. "सर, ह्याचं लॅमिनेशन कुणी केलं?"

"मीच. घरी मशीन आहे की. आता भूकंप आला तरी याला काही होत नाही."

"अहो, तिथं ह्याच्यावर अजून शिक्के मारायचेत. प्लॅस्टिकवर शाई बसंल का? लॅमिनेशन केलेला कागद चालतच न्हाई."

मशीन सरांच्या पत्नीचं, प्रेमलाबाईंचं. किल्लारीच्या भूकंपात त्यांचं माहेर पडलं, वरून पाऊस लागला आणि त्यांच्या पदवीचा लगदा झाला. पुढं क्लास चालायला लागल्यावर त्यांनी पहिली खरेदी केली ती या मशीनची. मग मार्कमेमो, रेशनकार्ड, लग्नपत्रिका, गॅसची पावतीसुद्धा, प्लॅस्टिकमध्ये गेल्याशिवाय कपाटात जाईना. गेल्या वर्षी बाई गेल्या. सरांनी त्यांची सवय तेवढी चालू ठेवली.

"गरम केलं की प्लॅस्टिक सुटेल," सर म्हणाले.

सरांची हाक ऐकून शेजारच्या पार्लरमधून शिवकन्याताई केस वाळवायचं यंत्र घेऊन धावत आल्या.

"ताई, जपून. परराष्ट्र खातं आहे ते."

"घाबरू नका सर. नवरीच्या केसांना लावते तसं हळूच लावते."

ठराव आधी पापडासारखा फुगला, मग वळला, मग त्याची सुरळी झाली. शिवकन्याताईंनी एक टोक धरून ओढलं. कागद एकीकडं आला आणि प्लॅस्टिकला चिकटून भारत सरकार दुसरीकडं!

तेवढ्यात अमानचा फोन आला. जहांगीरभाईंनी स्पीकर लावला.

"चाचा, खुशखबर हाय. नांदेडवाल्यांचे कागद परत पाठवले. त्यांनी पूजा करून हळदकुंकू लावून धाडले होते. इथल्या सरकारी कचेरीतला कारकून म्हणतो, शिक्क्यावर ही लाल खाडाखोड कुणी केली? मालकानं दोघांनाबी पंधरा दिवस दिलेत."

सर खुर्चीतून उडालेच. "बघा! नवा ठराव घ्या टाइप करायला!"

"पण एक हाय," अमान म्हणाला. "कारकुनाला आपल्या ठरावाचा फोटो दाखवला. कंपनीच्या नोंदीत डायरेक्टर दोन, सर आणि काकू, आणि ठरावावर सही एकट्या सरांची. काकूंच्या मृत्यूच्या दाखल्यालाबी स्टिकर लागतो. ओरिजनल पाहिजे."

जहांगीरभाईंनी डोकं धरलं. या घरातला कागद, आणि तो मोकळा?

"सर, त्याचंबी केलं असंल ना?"

सर आत गेले. कपाटातून चार घड्या घातलेला एक साधा कागद त्यांनी आणला. घड्यांवर तो मऊ पडला होता. जहांगीरभाईंनी तो उलटसुलट करून पाहिला.

"ह्यालाच कसं सोडलंत?"

"हा टिकावा असं कधी वाटलंच नाही," सर म्हणाले.

जहांगीरभाईंनी कागद पुन्हा त्याच घड्यांवर दुमडला. मग दाखला जपून पिशवीत ठेवला, उठले, आणि जाता जाता मशीनची वायर काढून खिशात घातली.

"पंधरा दिवसांनी परत देतो."

"बरं. पण दाखला नेताय, त्याला वाटेत पाणीबिणी लागलं तर..."

"न्हाई, सर."