बाजा सैल पडला

तुळशीराम मास्तर बंदुकीचा खेळ खेळत, पण गोळी कधी झाडत नसत.

साकोलीच्या बसस्टँडसमोर माझं इंटरनेट कॅफे होतं तेव्हाची ही गोष्ट. साठीतला हा माणूस यायचा, कानांना हेडफोन लावायचा, राक्षसांनी भरलेल्या तळघरात शिरायचा आणि कोपऱ्यात उभं राहून चक्क डोळे मिटायचा. दोन मिनिटांत राक्षस त्यांचा फडशा पाडत. मग मास्तर शांतपणे पुन्हा पहिल्यापासून. न राहवून मी विचारलंच.

“मारायले कोन आलं जी? मी बाजा आयकून राहिलो.”

मास्तर शाळेचे नव्हेत, आमच्या झाडीपट्टी भागातल्या नाटकांतले ऑर्गन मास्तर. खलनायक येण्याआधी प्रेक्षकांच्या पोटात गोळा आणायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यामुळे खेळातल्या संगीताचे ते भक्तच झाले. ना तबला, ना पेटी, नुसती यंत्राची खालच्या पट्टीतली घरघर, पण रिकाम्या बोळाचीही भीती वाटावी. राक्षस दिसण्याआधी ती दाटते, सगळे मेले की विरते. “बाजा घट्ट झाला का धोका आला, सैल पडला का टळला,” असं ते म्हणत. घरी बायकोचा, कौसल्यावहिनींचा, आवाज चढला तरी हेच म्हणत.

एका मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, नाटकात त्यांनी ती घरघर की-बोर्डवर हुबेहूब वाजवली. पुढच्या रांगेत माझ्याच कॅफेतली मंडळी. ही घरघर म्हणजे राक्षस पाठीमागे, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं की सगळे एकदम मागे वळले. त्यांचं पाहून अख्खा मांडव मागे वळला. खलनायक आला, गडगडाटी हसला, आणि बघायला कोणीच नाही. शेवटी तोही बिचारा मांडवाच्या टोकाकडे टकमका पाहू लागला. कंपनीचा मालक चिडला, मास्तर मात्र खूश होते.

पुढे कौसल्यावहिनींचं नागपूरला पोटाचं ऑपरेशन ठरलं. दवाखान्याच्या वासानं मास्तरांना भोवळ येते, म्हणून मुलीनं त्यांना मागेच ठेवलं. निरोपाचा फोन माझ्या कॅफेत येणार होता.

त्या सकाळी ते आले आणि पहिल्यांदाच म्हणाले, “आज तू मारून दे जी सगळ्याइले. मले सैल बाजा पायजे.”

मी राक्षस संपवले. मास्तर त्या मोकळ्या खोलीत बसले. समोर पुढचं दार होतं, ते काही त्यांनी उघडलं नाही. एक तास, दोन तास. चहा गार झाला. डोळे मिटलेलेच होते. मला फार वाईट वाटलं.

दुपारी फोन वाजला. ऑपरेशन नीट झालं, आई शुद्धीवर येऊन पुन्हा झोपली, मुलगी म्हणाली. माझाच जीव भांड्यात पडला. मास्तरांचा हेडफोन काढून मी सांगितलं, तर त्यांचा विश्वासच बसेना. त्यांनी रिसीव्हर घेतला.

“तू बोलू नको, बाई. फोन तिच्या नाकाजवळ धर.”

मग त्यांनी तसेच डोळे मिटले आणि कितीतरी वेळ ऐकत राहिले. गालांवरून पाणी ओघळत होतं, ते त्यांनी पुसलंही नाही.

“घोरून राहिली जी,” ते मला हळूच म्हणाले. “बाजा सैल पडला.”