सरळ रेघेवरचा संशय

खांबेटे सर विद्यार्थ्याच्या आलेखाचा कागद आधी उजेडाकडे धरायचे, मग त्यावरून हलकेच बोट फिरवायचे. खोडरबराने खोडलेलं शोधायला. काही सापडलं, की हरवलेली अंगठी मिळाल्यासारखा त्यांचा चेहरा खुलायचा. नाही सापडलं, तर संशय दुप्पट.

"इतका स्वच्छ? म्हणजे घरून करून आणलाय."

मी तेव्हा फिजिक्सच्या प्रयोगशाळेत नवीन लागले होते. पुण्यात आयटीची हवा होती, मुलांचं अर्धं लक्ष हिंजवडीकडे. सरांचं लक्ष मात्र दोनच ठिकाणी, मुलांच्या ठिपक्यांवर आणि धायरीच्या घरी. त्यांच्या पत्नीला, काकूंना, अर्धांगाचा झटका आला होता, उजवा पाय लुळा पडला होता. त्या पुन्हा चालणार की नाही, हा घोर घेऊन सर साडेचारच्या ठोक्याला निघायचे. विचारलं तर म्हणायचे, "सुधारणा आहे. रोज दोन पावलं वाढतायत." आणि विषय बंद.

प्रयोगात मोजमापांचे ठिपके मांडायचे आणि त्यांतून रेघ काढायची, असा नियम. आमची मुलं आधी फूटपट्टीने रेघ मारत, मग तिच्यावर ठिपके बसवत. सर याला 'आधी बारसं, मग लग्न' म्हणत.

"खरे ठिपके इकडेतिकडे पडतात हो. सगळे रेघेवर बसले, की समजावं, कुणीतरी बसवलेत."

त्या वर्षी तर त्यांनी सापळाच लावला. स्प्रिंगला वजनं टांगायचा प्रयोग होता, त्यात आलेख सरळ येतो. सरांनी गुपचूप स्प्रिंग काढून रबराची पट्टी अडकवली. रबर काही तसं शिस्तीत ताणलं जात नाही, आलेख वाकतो. चाळीस मुलांनी ते रबर डोळ्यांनी पाहिलं, हाताने ताणलं आणि चाळीस सरळ रेघा आणून दिल्या. कारण सीनियरच्या जर्नलात सरळ होती!

"सर, कॉम्प्युटरवर टाकलं. त्यानेच सरळ लाइन दिली," एकजण म्हणाला.

"कॉम्प्युटरला लाज नसते. आपल्याला असावी, अशी आमची समजूत होती."

मी तपासलेल्या जर्नलांवरही ते पुन्हा बोट फिरवायचे. मी धुमसायचे. बायकोने भाजीत मीठ घातलं म्हटलं तरी हा माणूस पुरावा मागत असेल, असं मी स्टाफरूममध्ये बोलूनही दाखवलं होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी जर्नलांच्या एका गठ्ठ्यावर सरांच्या सह्या राहिल्या, म्हणून मी संध्याकाळी धायरीला गेले. दार जेमतेम वीतभर उघडलं.

"वाटेत गठ्ठा कुणी उघडला नाही ना?"

"नाही सर."

"बघू."

जर्नलं मोजून झाल्यावर मला बसायला मिळालं. समोर भिंतीवर आलेख होता. आडवे दिवस, उभी पावलं.

"मी कॉलेजात असतो तेव्हा ही एकटी चालते," सर सह्या करता करता म्हणाले. "संध्याकाळी मला आकडा सांगते."

मी पाहिलं. महिन्याभराचे ठिपके, आणि एकही रेघ सोडून नव्हता. आमच्या वर्गातल्या नापास मुलालाही ते कळलं असतं.

तेवढ्यात काकू मला पाणी आणायला उठल्या. सर "अगं, थांब" म्हणेपर्यंत निघाल्याही. मी नकळत मोजू लागले. सरांचं पेन थांबलं होतं, ओठ हलत होते. ते पण मोजत होते. नऊ पावलं झाली आणि काकूंनी भिंत धरली. कपाळावर घाम आला होता.

सर उठले, त्यांना खुर्चीत बसवलं, मला पाणी स्वतः आणून दिलं. मग पदराने घाम टिपणाऱ्या काकूंना नेहमीच्या आवाजात विचारलं, "आज किती झाली?"

"बासष्ट," काकू खाली बघत म्हणाल्या.

मला रडू आलं. इतके दिवस मी या माणसाला काय काय बोलले होते! मी जर्नलात तोंड खुपसून बसले.

सरांनी पेन्सिलीला टोक केलं, भिंतीपाशी गेले आणि बासष्टवर नीट ठिपका दिला.

"छान," ते म्हणाले. "उद्या चौसष्ट."