मुलाखतीचं पुस्तक

डोंगरकड्याच्या वाचनालयात सोमवारी अकरा वाजता मुलाखती होत्या आणि ज्या पुस्तकातून प्रश्न काढायचे होते ते पुस्तकच सापडत नव्हतं.

पाच गावांच्या वाचनालयांनी मिळून एक संघ केला होता आणि त्या संघाला आता मुख्य ग्रंथपाल नेमायचा होता. संघाचे अध्यक्ष राधाकृष्णराव म्हणजे तहसील कचेरीतून निवृत्त झालेले शिस्तीचे गृहस्थ. प्रश्न हवेतून विचारायचे नाहीत, असं त्यांनी जाहीर केलं होतं. वाचनालयांच्या कारभारावरचं एक जाडजूड पुस्तक संघाने कधीकाळी घेतलं होतं आणि प्रमुखाच्या अंगी कोणते गुण हवेत यावर त्यात अख्खं एक प्रकरण होतं. अध्यक्षांनी ते वाचलेलं नव्हतं, पण त्यांना त्याचा फार अभिमान होता.

शोधायचं काम पल्लवीकडे आलं. गेली सहा वर्षं हंगामी म्हणून पाचही वाचनालयांचं तीच बघत होती आणि या जागेसाठी तिचाही अर्ज होता. जागा दुसऱ्याला मिळाली तर तिचं हंगामी कामही जाणार होतं. उमेदवाराकडूनच प्रश्नांचं पुस्तक मागवणं बरं दिसत नाही, हे अध्यक्षांच्याही ध्यानात आलं. मग त्यांनी तोड काढली. पुस्तक सापडलं की न उघडता वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचं.

रविवारी सकाळीच ती स्कूटीवर निघाली. नोंदवहीत शेवटचं नाव हट्ट्याच्या धर्मसिंग गुरुजींचं होतं. गुरुजींनी चहा पाजला, पुस्तकाची तारीफ केली आणि शिरड शहापूरच्या ओमप्रकाशला झोप येत नव्हती म्हणून ते त्याला दिल्याचं सांगितलं. पोरीला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं, म्हणून त्यांनी वाचनालयाचीच दुसरी नऊ पुस्तकं तिच्या हवाली केली.

ओमप्रकाशला दुसऱ्याच पानावर झोप लागली होती. दुखणं बरं झाल्यावर उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला द्याव्यात तसं त्याने ते पुस्तक शेजारच्या रूपाबाईंना देऊन टाकलं होतं. पल्लवी निघताना त्याच्या सुनेने माळ्यावरून चौदा पुस्तकं काढून दिली. आता मात्र पल्लवीने एक पोतंच मागून घेतलं.

रूपाबाई महिला मंडळ चालवत. त्यांनी ते पुस्तक एक उन्हाळा पापडाच्या कापडावर वजन म्हणून ठेवलं होतं. मग काय झालं, असं पल्लवीने विचारलं.

"मंग काय, मागल्या साली तुमचे अध्यक्ष आले व्हते कार्यक्रमाला. शाल आणली, नारळ आणला आन् पुस्तक आणायचंच राह्यलं. हे घरात व्हतं. चमकीच्या कागदात बांधून देलं त्यांच्या हातात."

"मावशी, त्यांच्याच वाचनालयाचं पुस्तक त्यांनाच?"

"सत्काराचं पुस्तक कोण उघडून बघून राह्यलंय, बाई?"

रूपाबाईंकडची धरून पल्लवीच्या पोत्यात बत्तीस पुस्तकं जमली, पण हवं ते नेमकं अध्यक्षांच्या घरी होतं. मोठ्या माणसाकडे पुस्तक परत मागायची पाचही गावांत पद्धत नव्हती, आणि हा मोठा माणूस तर उद्या तिची मुलाखत घेणार होता.

सोमवारी पहिला उमेदवार अनिरुद्ध याने दूरदृष्टीपासून सुरुवात करून एका दमात बावीस गुण सांगितले. मुलाखत समितीतल्या प्रेमाबाईंना नवव्या गुणाला डुलकी लागली. मग पल्लवी आत आली आणि तिने पोतं कोपऱ्यात ठेवलं.

"आमचं पुस्तक?" राधाकृष्णरावांनी विचारलं.

"सापडलं, सर. मागायचं राहिलंय."

"काहून राहिलं?"

"ज्यांच्याकडं आहे ते मोठे आहेत."

राधाकृष्णराव ताठ बसले. पुस्तकाशिवाय त्यांना आयता प्रश्न मिळाला होता.

"पाच वाचनालयांचं प्रमुख व्हायचं आन् मोठ्या माणसाला भ्यायचं, हे जमायचं न्हाई. समोर कलेक्टर असला तरी पुस्तक मागता आलं पायजे. हा पहिला गुण. बोला, मागाल का?"

प्रेमाबाई जाग्या झाल्या. पल्लवीने ओढणीने कपाळ पुसलं. नोकरी गेली तर गेली, असं तिला त्या क्षणी खरंच वाटलं.

"मागते, सर. मागच्या वर्षी शिरड शहापूरला तुमचा सत्कार झाला. चमकीच्या कागदातलं ते पुस्तक जरा द्या."

अध्यक्षांचं घर मागच्याच गल्लीत होतं. पुडकं आलं ते फितीसकट जसंच्या तसं. उघडलं तर पहिल्या पानावर वाचनालयाचा शिक्का होता आणि आत उडदाच्या पापडाचा एक तुकडा. राधाकृष्णरावांनी चष्मा पुसून शिक्का पुन्हा वाचला. प्रेमाबाईंनी प्रकरण उघडून पाहिलं आणि अजून एकवीस गुण बाकी असल्याचं सांगितलं.

"राहू द्या," अध्यक्ष म्हणाले. "पहिल्यातच भागलं."

महिन्याभराने नव्या मुख्य ग्रंथपालांचा शिरड शहापूरला सत्कार झाला. शाल, नारळ झाले. मंडळाचं पुस्तक याही वेळी राहिलं होतं, पण राधाकृष्णरावांनी प्रसंग ओळखून आपल्या घरातलंच एक नीट बांधून आणलं होतं. आपल्या हातानं त्यांनी ते पल्लवीला दिलं. टाळ्या चालू असतानाच पल्लवीने कागद फाडला आणि पहिलं पान पाहिलं. मग तिने आभाराचं भाषण बाजूला ठेवलं आणि पिशवीतून नोंदवही काढली.