डिचोलीची वर्दी

ही गोष्ट २०१६ सालची, चतुर्थीच्या आधीच्या पंधरवड्यातली. पेडण्याच्या बाजारात पद्मावती केबलवालीच्या दारात सकाळी सकाळी बाबाजी येऊन उभा राहिला. बाबाजी निवृत्त बसचालक. बस सुटली तरी त्याचा आवाज अजून भोंग्याच्याच पट्टीत होता.

"पद्माबाय, माझी बायल माका दिसणा नाय."

पद्मावती मुगाच्या गाठीच्या रश्शात पावाचा तुकडा बुडवत होती. तिने वरही पाहिलं नाही. "चुलीकडे, रांदपाच्या कुडीत बघ. थंयच आसतली."

बाबाजीची बायको घरातून नव्हे, इंटरनेटवरून हरवली होती. ती गावच्या बायकांच्या भजनी पथकात पेटी वाजवायची. त्या वर्षी डिचोलीला भजनस्पर्धा भरली होती. पेडण्याच्या बायका पहिली फेरी जिंकून आल्या होत्या आणि अंतिम फेरी चतुर्थी सरल्यावरच्या रविवारी होती. डिचोलीत घरोघर इंटरनेट पुरवणारे शिवदास सगळ्या फेऱ्या आपल्या मशीनवरून दाखवायचे. मुंबईत दिसायचं, मस्कतमध्ये दिसायचं. फक्त पेडण्यात, पद्मावतीची वायर ज्याच्या घरात गेली होती त्याच्याकडे पडदा काळा.

"मस्कतातलो माझो भावोजी फोन करून सांगता, वयनीन पेटी बरी वाजयली. आणि मी हयसर भिंत बघतंय," बाबाजी म्हणाला. "आयतवारापर्यंत दिसाक नाय तर आमचो वाडो तुझी वायर सोडता. बाजारात तो छत्रीवालो बसलोच आसा."

छत्रीवाला म्हणजे अमोल. मुंबईच्या एका मोठ्या कंपनीने त्याला रंगीत छत्रीखाली टेबल देऊन बाजारात बसवला होता. टेबलावर एक टीव्ही होता आणि त्यावर दिवसभर डिचोलीचं भजन चालू असायचं. येणाऱ्याजाणाऱ्याला तो काही सांगायचा नाही, नुसता आवाज वाढवायचा.

पद्मावतीचा नवरा कृष्णनाथ याने गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत घराच्या कौलांवर टीव्हीची तबकडी बसवली होती. तेव्हा खांब नव्हते. वायर फणसावरून आंब्यावर, आंब्यावरून शाळेच्या जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, गजांवर अशी उड्या मारत जायची, आणि वानरांनी ती ओढली की अख्ख्या वाड्याची मालिका बंद पडायची. पुढे त्याच वायरीतून इंटरनेट आलं. कृष्णनाथ गेल्यावर दिरांनी धंदा विकायचा सल्ला दिला. पद्मावतीने दिरांना चहा दिला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः शिडीवर चढली. ती वायर गेली असती तर तिच्याजवळ एक घर उरलं असतं आणि एक फोटो.

बाबाजी गेल्यावर तिने अंकिताला हाक मारली. अंकिता मांद्र्याची, इंजिनियर झालेली. पद्मावतीकडे लागून तिला जेमतेम तीन महिने झाले होते, आणि मालकिणीला न भिण्याची तिची सवय अजून गेली नव्हती.

"काकी, डिचोलीची वर्दी आपल्याकडे येणा नाय," ती म्हणाली.

"कसली वर्दी?"

अंकिताने समजावलं. इंटरनेट पुरवणारी प्रत्येक कंपनी शेजारच्या कंपनीला सारखी वर्दी देत असते, की अमक्या घरांना जायचं असेल तर वाट माझ्याकडून आहे. शेजारी ती वर्दी पुढच्याला देतो. अशी सगळ्या जगाला सगळ्या घरांची वाट कळते. ज्या घरांची वर्दीच आली नाही, ती घरं आपल्यापुरती जगात नाहीत. डिचोली आणि पेडणे या दोघांची गाठ म्हापशाच्या कंपनीत पडत होती. तिथून आपल्याकडे साऱ्या जगाची वर्दी येते, फक्त शिवदासांच्या घरांची येत नाही.

"म्हणजे म्हापशेकार गिळतत," पद्मावतीने निकाल दिला.

"गिळतत काय, ते आधी आपल्याच मशीनीत बघूक होया."

"आपल्या मशीनीक हात लावचो नाय. ह्या घरात खोट नाय. भायर सोध."

हुकूम म्हणजे हुकूम. शोध बाहेर सुरू झाला.

आधी म्हापशाला फोन. तिथला माणूस पलीकडून गोड आवाजात म्हणाला की मॅडम, एकदा इंटरनेटचा डबा बंद करून परत चालू करा. पद्मावतीने त्याला सांगितलं की हे वाक्य ती स्वतः गेली आठ वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आली आहे आणि त्याचा अर्थ काय असतो हे तिला पक्कं ठाऊक आहे. मग त्याने वरच्या साहेबाला फोन दिला आणि पद्मावतीने अंकिताला. साहेब म्हणाला, डिचोलीची वर्दी आम्ही तुम्हाला देतोय, तुम्ही घेत नसाल. एवढं ऐकल्यावर पद्मावतीने अंकिताच्या हातातून फोन काढून घेतला. आम्ही घेत नाही म्हणजे काय, आम्ही पंचवीस वर्षं धंदा करतो, तुमच्या दाढीला केस नव्हते तेव्हा आम्ही फणसावर होतो, असं बरंच ती बोलली. साहेबाने मग आपलाच डबा बंद करून चालू केला. त्यामुळे अर्धं पेडणे दुपारभर इंटरनेटशिवाय बसलं, आणि ते चालू झालं तेव्हा डिचोली होती तशीच नाहीशी.

मग तिला खांबांचा संशय आला. कोलवाळच्या पुलापर्यंतचे खांब तपासायला माणसं धाडली. त्यांना दोन सुगरणीची घरटी आणि एक पतंग सापडला. हे ऐकून बाजारात अमोलने टीव्हीचा आवाज आणखी वाढवला.

शेवटी अंकिता म्हणाली, "काकी, शिवदासकाकांकच विचारा मगो. तुमचेच व्याही ते."

तीच तर अडचण होती. पद्मावतीची एकुलती लेक सेजल शिवदासांच्या घरात दिली होती. दोन्ही घरं केबलवाली, म्हणूनच स्थळ आलं होतं. व्याह्यांना फोन करून तुमच्याकडून काही येत नाही असं कसं म्हणायचं? पद्मावतीने फोन केला. गणपतीवर बांधायच्या माटोळीला घागऱ्यांची रानफळं मिळाली का, विहीण सुलोचनाबाईंचा गुडघा कसा आहे, यंदा नैवेद्याला नेवऱ्या किती करणार, सगळं विचारलं. शिवदासांनीही पेडण्यात पाऊस किती, बाजारात नारळ कसा, ते विचारलं. बोलणं संपत आल्यावर ते जरासे खाकरले, काहीतरी म्हणायला गेले आणि "बरा मगे" म्हणून त्यांनी फोन ठेवला. पद्मावतीने अंकिताला सांगितलं की तिकडे सगळं ठीक आहे.

चतुर्थी आली आणि गणपती बोळवलेही गेले. बाबाजीच्या वाड्यातली तीन घरं छत्रीखाली गेली. शनिवारी पद्मावती स्वतः बाजारात अमोलच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली आणि त्याला म्हणाली की तुझ्या कंपनीच्या मालकाला शिडीवर चढता येतं का ते विचारून सांग. अमोलने ते खरंच फोनवर विचारलं. गर्दी जमली. भांडण रंगात आलं.

इकडे घर रिकामं बघून अंकिताने मशीन उघडलं.

आत तिला एक ओळ दिसली. डिचोलीच्या शिवदासांकडून येणारी कुठलीही वर्दी, थेट येवो की म्हापशाला वळसा घालून येवो, दारातूनच परत पाठवावी, अशी ती ओळ होती. चुकून पडलेली नव्हती. कोणीतरी मन लावून लिहिली होती. अंकिताच्या आधी हे काम दत्तप्रसाद बघायचा. तो आता बोटीवर नोकरीला होता. तिने त्याला व्हिडिओ कॉलवर गाठलं. बोट कुठल्याशा बंदरात होती आणि दत्तप्रसाद कांदे कापणाऱ्या माणसाशेजारी बसून बोलत होता.

"ती माझी चूक नाय गो," तो म्हणाला. "ती बायची ऑर्डर. सेजलच्या लग्नानंतर शिवदासबाबांनी दोनूय कंपन्यो फुकट जोडून देतंय म्हणान सांगलेला. बाय म्हणाली, आमचा जाऊंदे, त्यांचा घेवचा नाय. चेडवाक मूल जाय सर त्या घरचा पाणीय पिवचा नसता. वळसो घालून इला तरी नको. मी तसा घातलंय."

पद्मावती भांडण जिंकून घरी आली तेव्हा अंकिता मशीनसमोर हाताची घडी घालून बसली होती.

"काकी, म्हापशेकार खरा सांगी होतो. आपणच घेणव नाय."

तिने सगळं सांगितलं. पद्मावती खुर्चीवर बसली. आपण असं म्हटल्याचं तिला आठवलं. आपली आई तसं वागली, आजी तसं वागली, म्हणून तीही म्हणून गेली होती. लेकीच्या घरी मूल होईपर्यंत आईने तिथलं काही तोंडात घालायचं नाही. वर्षा-दोन वर्षांचा प्रश्न असतो, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटलं होतं. आता सेजलच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. डॉक्टर झाले, नवस झाले. पद्मावती दर वेळी पेडण्याहून पाण्याची बाटली घेऊन डिचोलीला जायची, उंबऱ्याजवळच्या खुर्चीत टेकायची आणि तीच बाटली पिऊन परत यायची. शेजारणी जनेलातून ती बाटली बघायच्या. आई बाटली घेऊन आली म्हणजे अजून काही नाही, हे साऱ्या वाड्याला कळायचं. सेजल एकदा म्हणाली होती, "आई, तू येव नको गो. तू येतंस तेव्हा सगळे माझ्या पोटाकडे बघतत." पद्मावतीला वाटलं होतं की लेक रागात बोलली, विसरून जाईल.

"काढू ती ओळ?" अंकिताने विचारलं. "एका मिनिटाचा काम. कोणाक कळूचाय नाय."

"नको," पद्मावती म्हणाली. "चोरून नको. मी सांगतंय तेव्हा काढ."

रविवारी सकाळी ती डिचोलीच्या बसमध्ये बसली. हातात बाटली नव्हती. शेजारणीने जनेलातून आधी तिच्या हाताकडे पाहिलं, मग दुसऱ्या शेजारणीला बोलावलं.

शिवदास आणि सुलोचना घाईघाईने बाहेर आले. उंबऱ्याजवळची खुर्ची पुढे सरकवली. पद्मावती ती ओलांडून आत गेली आणि जेवणाच्या टेबलाशी बसली.

"सेजल," तिने हाक मारली, "पाणी हाड गो बाय. लई तान लागल्या."

सुलोचना आधी पद्मावतीकडे, मग सेजलच्या पोटाकडे बघू लागली. "म्हणजे, काय कळला काय? आमका कोणी सांगूक नाय."

"काय एक कळूक नाय," पद्मावती म्हणाली. "काय कळूचा नाय, कदाचित कधीच. मी तान लागली म्हणान पाणी मागतंय. माझ्या चेडवाच्या घरात मी अजून किती वर्षां उपाशी बसू? मूल जाला तर जाला. नाय जाला तर ह्या घर काय माझ्या चेडवाचा नाय?"

सेजल आत गेली. मग तांब्या घेऊन आली. भरलेला तांब्या टेबलापर्यंत येताना अर्धा सांडला. पद्मावतीने उरलेला तोंड न लावता घटाघटा संपवला, पदराने ओठ पुसले आणि म्हणाली, "आता जेवाक काय आसा?"

जेवताना तिने पेडण्याला फोन लावला. "अंकिता, काढ गो ती ओळ."

"काढली," अंकिता म्हणाली. पद्मावती दुसऱ्यांदा आमटी वाढून घेत होती तेव्हा पुन्हा फोन आला. "काकी, वर्दी इली. पण पडदो काळोच. आपली हाक थंय जाता, उत्तर येणा नाय."

पद्मावतीने हे मोठ्याने सांगितलं. शिवदास ताटातल्या मिठाकडे बघत राहिले. त्यांचे कान लाल झाले होते.

"सांगा," सुलोचना म्हणाली. "आता तरी सांगा."

शिवदासांनी सांगितलं. आपण एवढं प्रेमाने देतो आणि विहीणबाई घेत नाहीत, हे त्यांच्या इंजिनियरने त्यांना तेव्हाच सांगितलं होतं. मग त्यांनीही हट्टाने ठरवलं की पेडण्याचंही आपल्याला नको, आणि तशीच ओळ आपल्या मशीनमध्ये घालायला लावली होती. सहा वर्षं दोन्ही घरं एकमेकांना वर्दी देत होती आणि दोन्ही घरं दारातून परत पाठवत होती. त्या भजनापर्यंत कोणाला इकडून तिकडचं बघायची गरजच पडली नव्हती, आणि पडली तेव्हा मधे म्हापशाच्या माणसाने बिचाऱ्याने फुकटच्या शिव्या खाल्ल्या.

"तुम्ही पाणीच पिणव नाय, मग मी काय करू?" शिवदास पुटपुटले.

"आता पियालंय," पद्मावती म्हणाली. "काढा."

संध्याकाळी पेडण्यात घरोघर पडदा उजळला. बाबाजीची बायको दिसली. म्हणजे तिचा डावा हात आणि पेटीचा भाता दिसला, कारण पुढे टाळवाली उभी होती. बाबाजीने सगळ्या वाड्याला तो हात दाखवला. पथकाचा नंबर तिसरा आला. छत्रीखाली गेलेली तीन घरं त्याच आठवड्यात परत आली आणि पद्मावतीने त्यांना महिनाभर शेवटच्या खांबावर, सगळ्यात मंद इंटरनेटवर, ठेवलं.

या गोष्टीलाही आता बरीच वर्षं झाली. अमोल मोपाच्या विमानतळावर नोकरीला लागला. तिथे तो प्रवाशांना कोणत्या दाराने जायचं ते सांगतो आणि त्याचा आवाज बारीक झाला आहे असं म्हणतात. दत्तप्रसाद बोटीवरून उतरला आणि मांद्र्याला त्याने पाहुण्यांसाठी चार खोल्या काढल्या. इंटरनेट पद्मावतीचंच आहे, बंद पडलं की तो आधी स्वतःचा डबा तपासतो. अंकिता डिचोली आणि पेडणे अशा दोन्ही कंपन्यांचं काम बघते आणि अजूनही कोणाला भीत नाही. बाबाजी गेला. त्याची बायको अजून पेटी वाजवते, आता पुढे बसून. सेजलला मूल झालं नाही. शिवदासांच्या खुर्चीत आता ती बसते, आणि डिचोलीच्या अर्ध्या घरांसाठी वर्दी कोणाची घ्यायची नि कोणाची परतवायची ते ती ठरवते. त्या वाड्यातल्या शेजारणींनी जनेलात उभं राहणं सोडून दिलं, बघायला काही उरलं नव्हतं. पद्मावती दर गुरुवारी डिचोलीला जाते, पोटभर जेवते आणि विहिणीच्या सोलकढीला नावं ठेवते.

"पाणी पी नाय होती, तेव्हाच बरी होती," सुलोचना म्हणते, आणि तिला आणखी एक वाटी वाढते.