थोरल्याचा हँडब्रेक

गाडीतलं मला सगळं कळतं! हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं वाचून तुमचा माझ्याबद्दल भलताच समज व्हायचा. माझा जन्म होण्याच्या दोन वर्षं आधी आमच्या घरी अवजड डिझेल पिकअप आली. म्हणजे मी शुद्धीवर आलो तोच इंजिनाच्या आवाजात!

लोकांचं घरसामान या घरातून त्या घरात हलवायचा बाबांचा धंदा. कपाटं, पलंग, शिलाई मशिनं, एकदा तर एक आख्खा पियानो त्या पिकअपने वाहिला. ती माझ्या आधी घरात आली म्हणून तिचं नाव पडलं थोरला. "थोरल्याला पाणी घातलं का?" "थोरल्याला सावलीत लावा." मी आईबाबांचा एकुलता एक मुलगा, आणि तरी घरात धाकटा!

थोरला सुरू करायची एक पद्धत होती. चावी अर्धी फिरवायची आणि इंजिन आतून तापेपर्यंत दहा अंक मोजायचे. बाबा मोठ्याने मोजायचे, खिडकीकडे बसलेली आई मोजायची, मध्ये कोंबलेला मी मोजायचो. दहा झाले की उरलेली चावी, आणि पहिल्या झटक्यात घुर्रर्र! बाबांच्या हयातीत त्याने कधी दुसरी चावी मागितली नाही. मी आकडे शाळेत नाही, त्या सीटवर शिकलो. म्हणूनच पहिलीत बाईंनी "दहाच्या पुढे काय?" असं विचारल्यावर मी "घुर्रर्र" म्हणालो होतो.

थोरल्यात खोट एकच. हँडब्रेक! मी पाच वर्षांचा असताना तो एका चढावर कामातून गेला. तेव्हापासून गाडी थांबली की बाबा दाराच्या पत्र्यावर बोटांनी तीन ठोके द्यायचे. ठक ठक ठक! की आई दोरी बांधलेला लाकडी ठोकळा घेऊन खाली उतरायची आणि मागच्या चाकाला लावायची. निघताना तो काढायचे मात्र बाबा. आईने लावायचा, बाबांनी काढायचा, यात कधी अदलाबदल झाली नाही. हँडब्रेकच्या दांड्याला मी हात लावला की बाबा म्हणायचे, "राहू दे, शोभेचा आहे तो!"

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. दोन वर्षं थोरला अंगणात स्वयंपाकघराच्या खिडकीला खेटून उभा होता, चाकाखाली ठोकळा घालून. कुणी त्याला हलवला नाही. माझ्याच्याने हलवला गेला नाही, असं म्हणा.

शेवटी बायको म्हणाली, "अहो, दोन वर्षं मी भर दुपारी दिवा लावून भाजी चिरतेय. त्याची तपासणीची मुदत या शुक्रवारी संपतेय. पास झाला तर राहू दे, पलीकडच्या भिंतीला लावा. नापास झाला तर शनिवारी भंगारवाला बोलवायचा. कबूल?"

"कबूल!" मी छाती पुढे काढून म्हणालो. आई ताट पुसत होती. ती तेच ताट पुसत राहिली, कोरडं झाल्यावरही. तेव्हाच मी ठरवलं की थोरल्याला भंगारात जाऊ द्यायचं नाही.

बाबांचे जुने दोस्त मिस्त्रीकाका आले. दोन दिवस गाडीखाली आडवे होऊन त्यांनी पायाचा ब्रेक उघडून साफ केला, तेल बदललं, बॅटरी बदलली. मग म्हणाले, "आता तेवढा हँडब्रेक..."

"त्याचं मी बघतो, काका!"

"अरे, ऐक तर..."

"काका, मी त्या सीटवर वाढलोय! गाडीतलं मला सगळं कळतं!"

काकांनी माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, मिशीतल्या मिशीत हसले आणि पाने गोळा करून निघून गेले. ते हसू मी कौतुकाचं समजलो.

माझा बेत साधा होता. चढावर तपासनीस "हँडब्रेक ओढा" म्हणाला की ऐटीत दांडा ओढायचा आणि खाली हळूच पायाचा ब्रेक दाबून धरायचा. वर चेहरा निवांत, खाली पाय जोरात. आरशासमोर खुर्ची ठेवून मी तीन दिवस सराव केला.

शुक्रवारी सकाळी आई बरोबर निघाली. हातात कापडी पिशवी, पिशवीत ठोकळा. मी म्हटलं, "आई, ठोकळा कशाला?"

"असू दे. रिकाम्या हाताने थोरल्यात बसायची सवय नाही मला."

दहापर्यंत मोजलं. फक्त दोघांनी. थोरला पहिल्या चावीला सुरू झाला आणि मी उगाचच आरसा पुसत बसलो. मग माझं लक्ष समोरच्या दिव्यांकडे गेलं. एका दिव्यावर बाबांनी जखमेला लावायची चिकटपट्टी चिकटवली होती. ती काढली तर खाली लालभडक दिवा!

मिस्त्रीकाकांना फोन लावला. "ती धुराची गाळणी," काका म्हणाले. "सहा वर्षांपूर्वी नवा नियम आला तेव्हा आपणच बसवली नाही का सायलेन्सरमध्ये? ती काजळीने भरलीय. इंजिन चांगलं तापलं की काजळी आतल्या आत जळून जाते. मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास दामटव. दिवा गेल्याशिवाय तपासणीला जाऊ नकोस, धुरातच नापास होशील!"

झालं! गावाबाहेरच्या गोल रस्त्यावर आम्ही फेऱ्या मारायला लागलो. तपासणीचं आवार नेमकं त्याच रस्त्यावर. पहिल्या फेरीला फाटकावरच्या पहारेकऱ्याने आम्हाला आत यायची खूण केली. मी हात हलवून पुढे गेलो. दुसऱ्या फेरीला तो रस्त्यात येऊन दोन्ही हातांनी बोलावू लागला. आम्ही पुढे! तिसऱ्या फेरीला त्याच्या बाजूला खुद्द तपासनीस साहेब उभे! आईने त्यांना नमस्कार केला आणि आम्ही पुढे!

आई मात्र खुशीत होती. खिडकीची काच खाली करून म्हणाली, "पियानो नेला होता ना, तेव्हाही रस्ता चुकून असेच फिरलो होतो. ह्यांनी शेवटपर्यंत कबूल केलं नाही. म्हणे, देखावा दाखवतोय तुला!" ती इतकी हसली की चौथ्या फेरीत दिवा विझला हे आम्हाला पाचव्या फेरीत कळलं.

"या!" तपासनीस साहेब म्हणाले. "रस्ता सापडला वाटतं."

उंच, किडकिडीत माणूस. खिशाला तीन पेनं. त्यांनी धुराच्या नळीत यंत्राची दांडी घातली, मला इंजिनाचा वेग वाढवायला लावला आणि आकडा बघून भुवया उंचावल्या. "या वयाच्या गाडीला इतका स्वच्छ धूर?" पूर्वी आम्ही निघालो की गल्लीतल्या बायका दोरीवरचे कपडे काढायला धावायच्या, हे मी त्यांना सांगितलं नाही. फिरत्या लोखंडी रुळांवर पायाचा ब्रेकही पास झाला. चारही चाकं एकसारखी धरली.

आणि मग आला चढ. आवाराच्या टोकाला सिमेंटचा उतरता कट्टा. साहेबांनी थोरल्याला नाक वर करून त्यावर उभा करायला लावला. "आजी, तुम्ही खाली उतरा," ते म्हणाले. आई पिशवी घेऊन बाजूला उभी राहिली.

"इंजिन बंद. गिअर काढा. हँडब्रेक ओढा."

मी ऐटीत दांडा ओढला. पाय जोरात, चेहरा निवांत.

"छान. आता दार उघडा आणि दोन्ही पाय बाहेर काढा."

"दोन्ही?"

"तुम्हाला तिसरा आहे का?"

आरशासमोर याचा सराव झालेला नव्हता! उजवा पाय ब्रेकवर तसाच ठेवून मी दार उघडलं, डावा पाय बाहेर काढायचा प्रयत्न केला आणि माझी अशी काही गाठ बसली की स्टिअरिंग बगलेत आलं. साहेब कंटाळले. त्यांनी पेनाने दाराच्या पत्र्यावर ठोकलं. ठक ठक ठक! "अहो, चला लवकर!"

मी डोळे मिटले, बाबांची मनातल्या मनात माफी मागितली आणि दोन्ही पाय बाहेर काढले.

थोरला हलला नाही! एक सूतसुद्धा नाही! पाय बाहेर लोंबकळत मी बसून राहिलो. साहेबांनी घड्याळ लावलं, पूर्ण एक मिनिट मोजलं आणि कागदावर बरोबरची खूण केली. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हटलं, बाबांनी वरून धरून ठेवलाय!

"उत्तम! घ्या आता मागे."

इंजिन सुरू केलं, मागचा गिअर टाकला, हँडब्रेक सोडला. गाडी जागची हलेना. जरा जोर दिला. नाही! आणखी दिला. थोरला थरथरला, मागून अर्धा फूट वर उचलला गेला आणि धाडकन खाली आला. त्याबरोबर चाकाखालून काहीतरी सुटलं, शेपटासारखी दोरी नाचवत आवार ओलांडून गेलं आणि पहारेकऱ्याच्या पाण्याच्या पिंपावर जाऊन आदळलं. पिंप आडवं झालं. पाणी वाहत वाहत साहेबांच्या बुटांपर्यंत आलं.

साहेबांनी ठोकळा दोरीला धरून उचलला. मग माझ्याकडे बघितलं. मग आईकडे.

"हे काय आहे?"

"ठोकळा," आई म्हणाली.

"तो दिसतोय! चाकाखाली कुणी घातला?"

"मी. तुम्ही तीन ठोके दिलेत ना." आई स्वतःच गोंधळली होती. "हात ऐकेनात हो. ठोके ऐकले आणि लावून मोकळी झाले."

"मग गाडी निघताना काढला का नाहीत?"

"लावायचं काम माझं," आई म्हणाली. "काढायचं ह्यांचं होतं."

पहारेकऱ्याने पिंप उभं केलं.

मग मात्र माझा धीर सुटला. सगळं ओकलो! म्हटलं, "साहेब, हँडब्रेक नाहीच आहे. मी पाच वर्षांचा होतो तेव्हापासून नाही. मी पायाने फसवणार होतो तुम्हाला. आईचा काही दोष नाही. पण हा नापास झाला तर उद्या भंगारात जाणार. माझ्या वडिलांची आहे ही गाडी, साहेब. यात अजून त्यांचा वास येतो."

साहेबांनी बरोबरची खूण खोडली. वर चढाकडे बघितलं. "पुन्हा लावा गाडी. मागून सगळे बाजूला व्हा. ठोकळा पहारेकऱ्याकडे राहील, आणि आजींनाही त्याच्याजवळ उभं करा."

"साहेब, ती मागे घसरत जाईल!"

"खाली टायरांची रास लावलीय ती कशासाठी? चला!"

पुन्हा चढ. इंजिन बंद, गिअर मोकळा. शोभेचा दांडा ओढला. पाय बाहेर काढताना मी थोरल्याच्या दारावर हात ठेवला आणि खरं सांगतो, त्याचा निरोप घेतला.

तो हलला नाही.

मी वाट बघितली. पुन्हा नाही. साहेब वाकून गाडीखाली बघत होते. "कोण म्हणतं हँडब्रेक नाही? चांगली जाड केबल आहे की! जुनी आहे, पण काम अगदी हुशार हाताचं आहे."

मी तिथेच पायरीवर बसून मिस्त्रीकाकांना फोन लावला. घाईत काय दाबलं कोण जाणे, काकांचा आवाज सगळ्या आवारात घुमायला लागला. "तेच तर सांगत होतो, तू ऐकशील तर ना! तू नोकरीला लागलास त्याच वर्षी नीट करून दिला मी तो. तुझे बाबा म्हणाले, घरी बोलायचं नाही. हँडब्रेक झाला हे कळलं की ही घरी बसेल, मी दिवसभर एकटा काय करू? पण हे बघ, वहिनींना यातलं काही सांगू नकोस हं!"

वहिनी तीन हातांवर उभ्या होत्या. मी घाबरून आईकडे बघितलं.

"मला ठाऊक होतं," आई म्हणाली. "नीट झाल्याच्या चौथ्या दिवशीच. हे चढावर गाडी लावून उतरले, ठोके द्यायचेच विसरले, आणि मीही गप्प बसले. थोरला जागचा हलला नाही."

"अगं, मग बोलली का नाहीस? इतकी वर्षं ऊन नाही, पाऊस नाही, उड्या मारत राहिलीस!"

"बोलले असते तर घरी बसावं लागलं असतं की!" असं म्हणून आईने डोळ्यांना पदर लावला. साहेब तिन्ही पेनं एकदम तपासायला लागले.

थोरला पास झाला. कागदावर "हँडब्रेक उत्तम" असं ठसठशीत लिहिलेलं आहे. बायकोने तो स्वतःच्या हाताने काचेवर आतून चिकटवला. थोरला पलीकडच्या भिंतीला गेला आणि स्वयंपाकघरात इतका उजेड आला की कोळ्यांची जाळी दिसायला लागली. ती काढायचं काम माझ्याकडे आलं.

पुढच्या रविवारी मित्राचं कपाट पोचवायचं होतं. मी बायकोला सहज म्हटलं, "येतेस का बरोबर? त्या हँडब्रेकचा काही भरवसा नाही बघ. ठोकळा लावायला कुणीतरी हवं."

तिने चिरत असलेल्या भाजीवरून मान वर केली नाही. "कागद वाचलाय मी. आणि तुमच्या बाबांची गोष्ट सासूबाईंनी मला शुक्रवारीच सांगितली. दुसरं काहीतरी शोधा!" पण खिडकीकडे तोंड वळवून ती हसली, ते मी पाहिलं.

अंगणात आलो तर आई थोरल्यात कधीची जाऊन बसली होती. दोघांनी दहापर्यंत मोजलं. घुर्रर्र! मी गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी हलेना. जोर दिला. इंजिन धापा टाकून बंद पडलं. मी सगळे दिवे बघितले, डिझेल बघितलं, हँडब्रेक बघितला. सगळं जिथल्या तिथे!

आई खिडकीबाहेर बघत बसली होती. माझं सगळं बघून झाल्यावर म्हणाली, "गाडीतलं सगळं कळतं ना तुला? मग उतर खाली. रात्रीच लावून ठेवलाय मी. काढायचं काम आता तुझं."